उतारावरची हाक

त्या संध्याकाळी काम काही विशेष नव्हतं. आईला नदीपलीकडून आणायचं, एवढंच. रोजचंच.

दारणा आमची जमीन मधोमध कापून जाते. घर आणि भाजीचा मळा अलीकडे, मिरची आणि थोडी बाजरी पलीकडे. देवळाली कॅम्पचा बाजार भल्या सकाळी भरतो. म्हणून आई आदल्या दिवशी मिरची तोडून पाटीत भरायची आणि ती डोक्यावर घेऊन अंधार पडता पडता नदी उतरायची. डोक्यावर ओझं असलं की मान वर होत नाही. समोरून कुणी कंदील दाखवला तरी बाईला दिसतात ते फक्त स्वतःचे पाय, आणि आश्विनात दिवस बुडाला की तेही दिसत नाहीत. त्यामुळे आमच्याकडे हाकेवर नदी उतरायची रीत होती. घरचं एक माणूस अलीकडे उतारावर उभं राहायचं, म्हणजे जिथं पाणी मांडीच्या वर जात नाही अशा जागी, आणि हाका मारत राहायचं. पलीकडचं माणूस आवाजाच्या रोखानं सरळ चालत यायचं. उताराच्या वरच्या अंगाला डोह आहे. त्यात शेजारच्या मळ्यातल्या कोंडाजीबाबांचा बैल गेला तो परत वर आला नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

या रीतीला एक नियमही होता. पाय टाकायचा तो ओळखीच्या आवाजावरच. तिन्हीसांजेला अनोळखी आवाजानं बोलावलं तर ओ द्यायची नाही, मग तो कितीही काकुळतीला येवो. का, असं आम्ही कधी विचारलं नाही. नदीकाठची माणसं नदीला फार प्रश्न विचारत नाहीत.

वडील सातपूरला कारखान्यात दुसऱ्या पाळीला असायचे, म्हणून हाकेचं काम लहानपणापासून माझ्याकडे. आणि माझा आवाज होताही तसा. बारीक, पण धारदार. कोंडाजीबाबा आईला म्हणायचे, "धोंडाबाई, तुझं सावळ्या हाका माराया लागलं का माझी गुरंबी घरला वळत्यात." मला त्याचा केवढा गर्व होता! शाळेत प्रार्थनाही मीच सांगायचो. सगळी शाळा माझ्यामागून म्हणायची.

आणि मग चौऱ्याहत्तर साली, मी आठवीत असताना, तो आवाज फुटला.

फुटला तोही सगळ्या शाळेसमोर. प्रार्थनेच्या दुसऱ्याच ओळीला घशातून एकदम रेड्यासारखा सूर निघाला, मग चिरका, मग काहीच नाही. मुलींच्या रांगेतून हसू फुटलं ते पार मास्तरांपर्यंत गेलं. मास्तर हसता हसता म्हणाले, "सावळीराम, उद्यापासून दुसरं कुणीतरी सांगेल." माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. आजही ते आठवलं की तापतात, इतकी वर्षं झाली तरी. लहानू नावाचा एक नकल्या वर्गात होता. तो दुपारपर्यंत माझी नक्कल बसवून मोकळा झाला.

त्यानंतर मला स्वतःच्या सगळ्याच गोष्टींची लाज वाटायला लागली. गळ्यात घाटी वर आली म्हणून मी सदऱ्याचं वरचं बटण लावायचो. ओठावर लव आली, तोंडावर पुटकुळ्या आल्या. अंगाला वेगळाच वास यायचा. सकाळी उठून अंथरूण कुणाच्या नजरेला पडायच्या आत मी ते गुंडाळून ठेवायचो. का, ते सांगायला कुणी नव्हतं, आणि विचारायला तोंड नव्हतं. आई एकदा शेजारणीला सांगताना हसली, "आमचा कोंबडा आरवाया लागलाय बरं का." तिच्या मनात कौतुकच होतं. पण मला वाटलं, आता हीसुद्धा हसायला लागली.

मी हाका मारणं बंद केलं. डालड्याचा रिकामा डबा घेतला, आणि उतारावर उभा राहून काठीनं तो वाजवायला लागलो. आई आली त्या डब्यावर, पण घरी येऊन पाटी उतरवताना म्हणाली,

"डबा नगं वाजवू, सावळ्या. डबा कुणीबी वाजवंल. त्वां हाक मार."

"घसा दुखतो."

"लय दिस दुखतोय तुझा घसा."

दुसऱ्या संध्याकाळी आई नदी उतरून घराकडे गेली आणि मी डबा थांबवला, तेव्हा पहिल्यांदा ते ऐकू आलं. डोहाच्या बाजूनं, पाण्यावरून सरकत यावं तसं.

"आयेऽऽ… इकडंऽऽ…"

माझा आवाज. फुटायच्या आधीचा. इतका हुबेहूब की माझे ओठ आपोआप हलले. आणि माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? भीती नव्हे. मला वाटलं, लहानू! मेला इथपर्यंत आला नक्कल करायला, आणि तीही माझ्या जुन्या आवाजाची, मुद्दाम टोचायला. मी शरमेनं अर्धा झालो. राग गिळला आणि घरी कुणाला काही सांगितलं नाही. सांगायचं तर का नक्कल करतात तेही सांगावं लागलं असतं.

असं तीन-चार संध्याकाळी झालं. रोज तो आवाज थोडा जवळ आल्यासारखा वाटायचा. रोज तो आला की बेडूक गप्प व्हायचे.

मग ती संध्याकाळ. दिवसभर कॅम्पातल्या तोफांचा सराव चालला होता, आणि दुपारी तो थांबल्यापासून कानांना दडे बसल्यासारखं झालं होतं. नदीवर धूर आणि धुकं मिसळून खाली बसलं होतं. शेवाळाचा आणि कुजक्या बाजरीच्या ताटांचा वास येत होता. पलीकडून आईची हाळी आली,

"सावळ्याऽऽ, निंगाले रंऽऽ!"

मी डबा उचलला. तेवढ्यात पलीकडून परत, "डबा नगं, हाक मारऽऽ!"

अलीकडे, माझ्यापासून थोड्या अंतरावर, दोन मुली धुणं आवरत होत्या. दोघी आमच्याच शाळेतल्या. मी तोंड उघडलं आणि मिटलं. एकदा. पुन्हा एकदा. मनाशी म्हटलं, या दोघी वर चढू देत, मग मारतो. केवढीशी ती लाज, पण त्या वेळी ती नदीपेक्षा मोठी होती.

आणि डोहाकडून हाक आली.

"आयेऽऽ… इकडंऽऽ… सरळ येऽऽ…"

धुक्यात आईची काळी सावली मला दिसत होती. पाण्यात गुडघ्यापर्यंत, डोक्यावर पाटी, मान खाली. ती थांबली. आणि वळली. डोहाकडे.

तेव्हा मला कळलं की हा लहानू नव्हे. लहानूला पोहता येत नव्हतं, आणि हाक काठावरून येत नव्हती. ती पाण्याच्या मधोमधून येत होती.

"आये!" मी ओरडलो. "तिकडं नको! इकडं!"

बाहेर पडला तो घोगरा, पुरुषी, कुणाचातरी आवाज. धुणं आवरणाऱ्या मुली दचकून वर पळाल्या. आईसुद्धा दचकली. पाटी सावरत तिनं विचारलं,

"कोन हाय रं त्यो?"

"मी… सावळ्या!"

"सावळ्या तर तिकडं बोलावतोय…" तिचा आवाज बारीक झाला. ती स्वतःशी पुटपुटावं तसं म्हणाली, "वळखीचा नाय त्याला ओ द्यायची नाय… ओ द्यायची नाय…" आणि पावलं भराभर डोहाकडे पडायला लागली. माझ्यापासून लांब. माझी आई मला घाबरून पळत होती.

मी पाण्यात उडी घेतली. पाणी बर्फासारखं. तिकडून तो आवाज शांतपणे, न थकता, गोड बोलावत होता. एकदाही अडखळला नाही. आईच्या कमरेपर्यंत पाणी आलं. पाटीतल्या मिरच्या सुटून माझ्या अंगावरून वाहत गेल्या.

"आये! आयेऽऽ! आ…"

आणि माझा आवाज चिरकला. अर्ध्या शब्दात तो रेड्याचा झाला, मग लहानपणचा झाला, मग फाटला, पुन्हा जाडा झाला. शाळेत झाला होता त्याहून भयंकर. मी रडत होतो, ओरडत होतो, आणि प्रत्येक हाक तीन तुकड्यांत बाहेर पडत होती.

आई थांबली.

"कोंबडा…" ती म्हणाली. "माझा कोंबडा हाय त्यो."

तिनं पाटी सोडून दिली आणि हात पुढे केला. मी तो धरला, आणि उताराच्या वाळूला पाय लागेपर्यंत सोडला नाही. काठावर येऊन आम्ही दोघं बसलो. ती माझ्या डोक्यावरून हात फिरवत होती, पण तोंड डोहाकडे होतं. तिथं हाका थांबल्या नव्हत्या. आता त्या रडक्या झाल्या होत्या. अंधारात मागं राहिलेलं पोर रडतं तशा.

"चल ना घरी," मी म्हणालो.

"ल्हान हाय रं त्यो…" आई म्हणाली. "येकलाच हाय…"

मला जे वाटलं ते सांगायला जीभ रेटत नाही, पण सांगतो. मला त्या आवाजाचा मत्सर वाटला. आणि त्या मत्सराची लाज वाटली.

वडिलांनी पलीकडचं शेत वाट्यानं देऊन टाकलं. आई त्यानंतर बरीच वर्षं जगली, नीट जगली. फक्त आश्विनातल्या संध्याकाळी ती चुलीपुढून उठून दाराशी यायची आणि उभी राहायची. मी बोललो तर "गप" म्हणायची. त्या वेळी माझा आवाज तिला नको असायचा.

ती गेली मागच्या साली, शहाऐंशीत. पलीकडचं शेत मी परत कसायला घेतलं. माझं लग्न नुकतंच झालेलं. विमल सिन्नरकडची, दुष्काळी गावातली. नदीचं तिला भारी कौतुक. यातलं मी तिला काही सांगितलं नाही. नवऱ्यानं बायकोला काय सांगायचं? आवाज फुटल्याची लाज वाटायची म्हणून? ती हसली असती. उजेडात परत येत जा, एवढंच सांगतो. का, ते सांगत नाही.

आई गेल्यापासून हाका बंद होत्या. यंदा आश्विनात परत सुरू झाल्या. पण मी नीट कान देऊन ऐकल्या. शेवटच्या अक्षराला तो आवाज आता चिरकतो. एखाद्या दिवशी मध्येच जाडा होतो.

परवा मला कॅम्पातून यायला उशीर झाला. सायकल लावून आत गेलो तर विमल चुलीपाशी पाय शेकत बसलेली. लुगडं कमरेपर्यंत भिजलेलं.

"अहो, किती हाका मारल्यात तुम्ही!" ती म्हणाली. "आणि वरच्या अंगानं कशाला बोलावलंत? तिथं पाणी केवढं आहे! कोंडाजीबाबा बैलं घेऊन आले म्हणून फिरले मी मागं."

तिनं मान वर करून पाहिलं.

"आवाज काय झालाय तुमचा? आधी ओळखूच येईना मला. मग ओळखला."

सांगावं, आत्ता सांगावं, असं घशापर्यंत आलं. कानाच्या पाळ्या तापल्या.

"काही नाही," मी म्हणालो. "जरा घसा बसलाय."