खोळ थोडी घट्ट होतेय

"छाती एकोणतीस, उंची सव्वापाच फूट, बाह्या नाहीत," असं वहीत लिहिताना तिला हसू आवरेना. इतक्या वर्षांत तिने कोट शिवले, झगे शिवले, मैलभर पडदे शिवले. पण दुर्बिणीला खोळ शिवून मागणारा हा पहिलाच. शाळेत विज्ञान शिकवणारा, हळू बोलणारा, आणि शर्टाचं वरचं बटण कायम तुटलेलं असणारा.

खोळ घेऊन गेला तो चौथ्या दिवशी परत हजर.

"थोडी... घट्ट होतेय."

तिने तिथल्या तिथे सैल करून दिली. पुढच्या आठवड्यात पुन्हा.

"आता थोडी सैल वाटतेय."

"दुर्बीण जाड-बारीक होते वाटतं," मशीनमागून तिची मावशी म्हणाली. तो कानापर्यंत लाल झाला.

तिसऱ्या खेपेला तर त्याने दुर्बिणीचा आरसाच आणला. त्याला मऊ पिशवी हवी होती. माप घेताना तिला आरशाच्या मधोमध कागदाची इवलीशी गोल चकती दिसली. दुकानाचं लेबल राहिलं असेल, असं म्हणत तिने ती नखाने अलगद काढून टाकली. वर स्वतःवर खूशही झाली.

शनिवारी दुपारी तो न्यायला आला, पिशवीतून आरसा काढला आणि त्याच्या मध्याकडे बघतच राहिला.

"इथली चकती...?"

"ती होय? मी काढली. उगाच चिकटली होती."

"मीच चिकटवली होती. आरशाचा मध्य आहे तो. त्याच्यावरूनच आरसा सरळ बसवतात, नाहीतर सगळं धुरकट दिसतं."

तिने आरसा आपल्याकडे ओढला. "मग पुन्हा लावा ना."

"मागच्या वेळी लावायला अख्खा रविवार गेला होता. आणि आज संध्याकाळी... आईचा मोतीबिंदू गेल्या महिन्यात काढलाय. तिला शनीचं कडं दाखवायचं होतं. उद्या सकाळी ती ताईकडे जातेय, वर्षभरासाठी." मग तोच तिला समजावू लागला, "असू दे. तुम्हाला काय माहीत."

दुसऱ्या कोणी दुकान डोक्यावर घेतलं असतं. हा रागावला नाही, हेच तिला जास्त लागलं.

"असू दे काय? बसा तिथे."

तिने आरशाच्या मापाचा गोल कागद कापला, चार घड्या घातल्या, टोकाला कात्री लावली. उलगडला तर बरोबर मध्यावर भोक. कागद आरशावर ठेवून खूण केली, चिकट कागदाची नवी चकती कापून लावली. पाच मिनिटं. तो आरसा सोडून तिच्या बोटांकडेच बघत होता.

"अख्खा रविवार," तो पुटपुटला.

"घेरदार झगे शिवते मी. मध्य काढणं रोजचंच."

ती त्याच्याबरोबरच निघाली. त्याच्या गच्चीवर आरसा नळीच्या बुडाशी बसला. मागे तो सरळ करायचे तीन स्क्रू. बघायचं भोक मात्र पार वरच्या टोकाला. हात पोचणार कसा?

"एकटे कसं करता?"

"बघतो, धावत खाली येतो, फिरवतो, धावत परत जातो. सहा वर्षं झाली."

ती स्क्रूंपाशी उकिडवी बसली. तो वरच्या भोकाला डोळा लावून सांगू लागला.

"डावीकडचा... किंचित. नाही, उलटा... अजून जरासं — बस. या, बघा."

तिने डोळा लावला. बघायच्या भोकाच्या प्रतिबिंबाचा काळा ठिपका तिच्या चकतीच्या अगदी मधोमध बसला होता. एवढ्याशा ठिपक्यासाठी सहा वर्षं धावणारा माणूस! सरळच सांगायचं तर, तिला तो फार आवडला.

संध्याकाळी त्याच्या आईने काळा चष्मा काढून डोळा लावला.

"अगं बाई, खरंच कडं आहे की. इतकी वर्षं वाटायचं, हा आपला काहीतरी सांगतो." डोळे पुसत त्या खाली गेल्या.

दोघांनी मिळून दुर्बिणीवर खोळ चढवली.

"एक सांगायचं होतं," तो म्हणाला. "ही खोळ... पहिल्याच दिवशी अगदी बरोबर बसली होती."

"माहीत आहे. माझं माप चुकत नाही."

"मग सैल का करून दिलीत?"

तिने खोळीची नाडी सावकाश बांधली.

"घट्ट करायला परत याल म्हणून."