न उसवणारी सॅक

कुनिहिकोच्या सॅकचा पट्टा तुटला तो नेमका चिगुसाच्या दुकानासमोर. वरून पावसाची रिपरिप, डोंगराकडे जाणारी बस नुकतीच हुकलेली, आणि हा गृहस्थ लेकरू धरावं तशी सॅक पोटाशी धरून वळचणीला उभा... ओलाचिंब आणि ओशाळलेला.

"आत या," चिगुसा म्हणाली. "सॅक आमच्याच घरची दिसतेय."

होतीही. मात्सुमोतो शहरातल्या त्या गल्लीत चिगुसाचे बाबा जन्मभर कॅनव्हासच्या सॅक शिवत आले होते, आणि ही त्यांनी कुनिहिकोच्या वडिलांसाठी शिवली होती. आता बाबांची नजर अधू झाली होती आणि कॅनव्हास टोचायची आरी लेकीच्या हातात आली होती. घरची रीत मात्र तीच राहिली. आपली सॅक कधीही परत आली तरी दुरुस्त करून द्यायची, आणि सुई जुन्याच भोकांतून न्यायची.

कुनिहिको चहा घेत तिच्या बोटांकडे बघत बसला. जरा जास्तच बघत बसला.

"असं बघू नका हो. टाका चुकतो माझा."

"मग कुठे बघू?"

"बाबांकडे बघा. ते गोष्टी सांगतात."

बाबांना तेवढंच हवं होतं. एक गिऱ्हाईक म्हणे सारखं यायचं, तासन् तास बसून डोकं खायचं. "तोंडावर कसं सांगणार? शेवटी त्याची अख्खी सॅक उसवली आणि नव्याने शिवून दिली, अशी की उसवायचं नाव नको. पुन्हा फिरकला नाही बेटा." कुनिहिको पोट धरून हसला. चिगुसाने ही गोष्ट इतक्यांदा ऐकली होती की तिच्या कानांत ती आता शिरतच नव्हती.

त्यानंतर कुनिहिकोच्या सॅकला जणू ग्रहण लागलं. आज बक्कल गेलं, पुढच्या खेपेला खिसा उसवला. येताना तो ओसाकाहून कधी गोड चेस्टनट आणायचा, कधी बाबांसाठी तंबाखू. एकदा चिगुसाने तुटलेला दोरा उजेडात धरला. झिजलेल्या दोऱ्याला पिंजारलेलं टोक असतं. याचं टोक गुळगुळीत होतं.

"हा तुटलेला नाही, कापलाय."

"खडकाला घासला असेल..."

"खडकाकडे ब्लेड असतं का, कुनिहिकोसान?"

त्याचे कान लालबुंद झाले. "तिकडचे खडक... जरा धारदार आहेत."

चिगुसा खळखळून हसली, आणि त्याच हसण्यात ती त्याच्या प्रेमात पडली. पण पुढे काय? तो यायचा, बसायचा, कानांपर्यंत लाल व्हायचा आणि शेवटच्या बसने निघून जायचा. ओठांवर आलेलं गिळून टाकायचा. तिलाही बोलायचा धीर नव्हता. हातांना जे जमतं ते जिभेला थोडंच जमतं?

मग तिने ठरवलं, बहाणाच संपवायचा. सॅकचं निमित्तच नसेल तर तो माझ्यासाठी म्हणून येईल, आणि मग त्याला बोलावंच लागेल. तिने सगळी शिवण उसवली. मेण लावलेला दुहेरी दोरा घेऊन, पट्ट्यांखाली चामडं घालून, एकेक टाका जुन्याच भोकातून ओढला. इतक्या जिवापाड तिने आजवर काही शिवलं नव्हतं.

तो आला तेव्हा बाहेर बर्फ भुरभुरत होतं. त्याने सॅक हातात घेतली, शिवणीवरून बोट फिरवलं आणि थांबला.

"सगळीच... नव्याने?"

"सगळी. आता सॅक घेऊन यायची गरजच नाही." ती हसत म्हणाली. आणि मनात म्हणत राहिली, बोल ना आता...

कुनिहिकोचा चेहरा उतरला. निरोपाच्या नमस्काराला तो गरजेपेक्षा जास्त खाली वाकला. "फार त्रास दिला मी तुम्हाला," एवढंच म्हणाला, आणि गेला.

लाजला असेल, तिला वाटलं. येईल. बर्फ वितळलं, बाबा गेले, डोंगरावर माणसांची ये-जा पुन्हा सुरू झाली आणि पुन्हा थांबली. अशी वर्षं गेली, तिच्या हाताला पहिले पांढरे केस लागले. तो आला नाही.

सॅक मात्र आली, एका ठेंगण्या, हसऱ्या बाईच्या पाठीवर.

"पट्टे आखूड करून द्याल? यांच्या मापाचे आहेत, मला फार लांब होतात. यांचे गुडघे दुखतात, आता डोंगर मीच चढते." ती बसली, इकडेतिकडे बघू लागली. "एक विचारू? हे नेहमी सांगतात, तुमच्याकडे नकोसं झालेल्या गिऱ्हाइकाची अख्खी सॅक नव्याने शिवून देतात म्हणे. यांची दिली होती ना तशी? बरंच झालं म्हणा, इकडची वारी सुटली आणि मला भेटले."

चिगुसाच्या हातातली आरी थांबली. बाबांची गोष्ट... ती पहिल्यांदा तिला ऐकू आली, शेवटच्या शब्दापर्यंत. तिला ओरडून सांगावंसं वाटलं. पण कुणाला सांगणार? या बाईला?

"बाबांची गंमत होती ती," ती म्हणाली.

पट्टे आखूड करायचे तर स्वतःचेच टाके कापावे लागणार होते, आणि कॅनव्हासला नवी भोकं पाडावी लागणार होती. दोरा लवकर सुटेना. तिने ब्लेड घेतलं आणि एकेक टाका कापला. टोकं गुळगुळीत निघाली.

बाईने सॅक पाठीवर चढवली. अगदी मापात बसली.

"पुन्हा काही झालं तर आणू ना इथेच?"

"आणा की," चिगुसा म्हणाली. "पण काही होणार नाही हिला."

आणि ते खरंच होतं. तिनेच शिवली होती.