एकोणिसावं युनिट

हे मी मनानं रचलेलं नाही. रचता आलं असतं, तर शेवट नक्कीच वेगळा केला असता.

ग्वाल्हेर. सिटी सेंटर. मे महिन्यातला रविवार, भर दुपार.

हो, दुपारच. भुतं रात्रीच येतात म्हणणाऱ्यांनी आमच्याकडची लू, ती भाजून काढणारी उन्हाळी झळ, पाहिलेली नसते. त्या वेळी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही.

मी वनमाला. मी आणि माझा नवरा मधुसूदन, दोघं मिळून एसी बसवण्याची कामं घेतो. नकाशे आणि लॅपटॉप माझ्याकडे, पाइप आणि गॅस त्याच्याकडे. भांडणं दोघांकडे.

यंदा दोन पतसंस्था एक झाल्या होत्या. दोन्हीकडची माणसं सोमवारपासून एकाच नव्या ऑफिसात बसणार होती. कोणाची केबिन जाणार, कोणाची खुर्ची राहणार, यावरून आधीच धुसफूस चाललेली. निदान गारवा तरी सगळ्यांना सारखा मिळावा, म्हणून एकच मोठी सिस्टिम. छतावर मोठी मशिनं, खाली खोल्यांमधून अठरा युनिटं, सगळी एका वायरीवर.

त्या दिवशी टेस्ट रन होता. अशी सिस्टिम पहिल्यांदा सुरू केली, की छतावरचं मशीन खालची युनिटं स्वतःच मोजतं.

मोजली...

एकोणीस.

"तू एखादं जास्तीचं लावलंस का रे?" मी फोनवर विचारलं. मी छतावर टाकीच्या सावलीत, तो खाली ऑफिसात.

"हाँ, घरून आणलं ना एक," मधू म्हणाला. "वायरिंगचा लफडा असेल गं. रिसेट मार."

रिसेट केलं. परत मोजणी झाली...

एकोणीस.

मग आमची नेहमीची पद्धत. मी वरून एकेक युनिट सुरू करायचं. त्यानं खाली उभं राहून हात वर धरायचा आणि गार हवा लागली की सांगायचं, "आली."

अठराही ठिकाणांहून "आली" झालं.

उरलं ते एक. कुठे आहे ते तरी कळू दे, म्हणून मी तेही सुरू केलं.

"शोध आता."

फोनमध्ये त्याची पावलं ऐकू येत होती. नव्या फरशीवर बुटांचा टकटक आवाज.

मग पावलं थांबली...

"अगं, इथे एक कमरा आहे. कॉरिडॉरच्या टोकाला."

"तिथे भिंत आहे, मधू. नकाशा मी काढलाय."

"भिंत कुठली? दरवाजा आहे. खुला आहे."

बिजागरी करकरली.

त्या ऑफिसातली सगळी दारं काचेची होती. काचेच्या दाराचा असा आवाज येत नाही.

"आली," तो म्हणाला. "एकदम मस्त गार. वनू... इथे एक आजोबा बसलेत."



"कोण आजोबा? ऑफिस बंद आहे. चौकीदार खाली फाटकावर आहे."

"बाबा, आप किसके साथ..." तो तिकडे कोणाशी तरी बोलत होता. मग हळूच मला म्हणाला, "मराठी आहेत गं. इतक्या गर्मीत कोट घालून बसलेत. म्हणतायत, बसा."

"बसू नकोस. बाहेर ये."

"अगं, मोठं माणूस बसा म्हणतंय. बरं नाही दिसत. दो मिनिट बसतो."

हा त्याचा स्वभाव. माझ्या सासूबाईंनी, शालिनीताईंनी, मुलाला एवढं एकच वळण पक्कं लावलंय. मोठ्यांनी पुढे केलेली खुर्ची नाकारायची नाही. यापायी आमची किती कामं लांबली असतील, विचारू नका.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला...

लॅपटॉपवर प्रत्येक खोलीचं तापमान दिसतं. बाकी सगळीकडे पंचवीस-सव्वीस होतं.

एकोणिसाव्या युनिटखाली... सोळा.

मग अकरा.

मग चार.

असा एसी कोणी बनवलेला नाही.

"मधू!"

फोनमध्ये फक्त श्वास ऐकू येत होता. एकाचा नव्हे, दोघांचा.

मशीन वेड्यासारखं वागायला लागलं, की आधी ब्रेकर पाडून वीज तोडायची. ही आमच्या धंद्यातली सवय. डोकं चालायच्या आत हात जातो.

मी ब्रेकर पाडला.

छतावरचे पंखे थांबले... आणि फोनही कट झाला. फोनचा त्या ब्रेकरशी काही संबंध नव्हता.

मी धावत जिना उतरले. मधू कॉरिडॉरच्या टोकाला उभा होता. भिंतीकडे तोंड करून. दार नाही, चौकट नाही, नुकता रंग दिलेली कोरी भिंत.

मी त्याला घट्ट मिठी मारली. रडलेच. त्याचं अंग माठासारखं गार लागत होतं.

तो वळला. आणि म्हणाला,

"आपण घाबरलात का?"

मला वाटलं, थट्टा करतोय.

भिंतीपलीकडे मी जाऊन पाहिलं. उघडी गच्ची आहे, तिथे उन्हाशिवाय काही नव्हतं. सिस्टिम परत सुरू केली, तर अठराच युनिटं दिसली. सोमवारी ऑफिस भरलं, कोणाची काही तक्रार नाही.

तक्रार आहे ती माझी.

आमचं ग्वाल्हेरचं मराठी म्हणजे निम्मं हिंदी. मधू तर शिव्यासुद्धा हिंदीतच द्यायचा. आता त्याच्या तोंडून हिंदीचा एक शब्द येत नाही. मला 'आपण' म्हणतो. सासूबाई खूश आहेत. "आमच्या आजेसासऱ्यांसारखं बोलायला लागलाय गं," म्हणतात. "सुधारला!"

त्यांना मी काय सांगणार?

जूनच्या उकाड्यात तो पंखा लावू देत नाही. त्याला घाम येत नाही. जेवण झालं की खुर्चीत ताठ बसून राहतो, गुडघ्यांवर हात ठेवून. भांडत तर अजिबात नाही.

डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं असेल. असेलही.

पण मी ब्रेकर पाडला, तेव्हा मधू आत बसलेला होता. मग भिंतीबाहेरून मी कोणाला घरी आणलं?

आणि आत कोणाला सोडून आले?

गेल्या आठवड्यात त्या ऑफिसातून फोन आला. आणखी एक पतसंस्था त्यांच्यात येतेय. जागा पुरत नाही, म्हणून कॉरिडॉरच्या टोकाची भिंत फोडून गच्चीवर खोल्या काढायच्यात. एसीचं काम आम्हीच करावं, म्हणाले.

जेवताना मी एवढंच म्हटलं, "एक काम आलंय." कुठलं, कोणाचं, काही सांगितलं नाही.

त्यानं ताटावरून मान वर केली नाही.

"ती भिंत पाडू नये," तो शांतपणे म्हणाला.

मी त्याला आणखी एक पोळी वाढली. 

उद्या सकाळी ती भिंत फुटणार आहे. मी ऑफिसला हो कळवलंय, घरी काही बोलले नाही. पहिला घाव मी स्वतः घालणार. माझा मधू तिथे असेल, तर मी त्याला घेऊनच येईन. बाकी कशाचीही मला पर्वा नाही.

फक्त, घरी जो बसलाय... त्याला काय सांगायचं, ते अजून सुचलेलं नाही.