उजवा कौल

"देवान डावो कौल दिल्यान गो बाय... पुण्याक नको म्हणता!" उंबरठ्यावर चपला काढता काढताच सत्यवतीने सांगून टाकले, आणि मुलीच्या नजरेला नजर न देता ती तडक स्वयंपाकघरात शिरली.

रसिका जागच्या जागी थिजली. रसिकाने पुण्याला शिकायला जावे का, असा कौल लावायला आई देवळात गेली, तेव्हा घरात धीर धरवेना म्हणून तीही मागोमाग गेली होती. खांबाआडून तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते... लवू गुरवाने पाषाणाला लावलेल्या ओल्या पाकळ्यांतली उजवीकडचीच पाकळी खाली आली होती! उजवा कौल, म्हणजे देवाचा होकार! ही आनंदाची बातमी आईच्याच तोंडून ऐकावी म्हणून ती आडवाटेने धावत घरी आली होती. आणि आईने देवाच्याच नावावर खोटे सांगितले!

ओठांशी आलेले शब्द तिने गिळले. कसे बोलणार? वडील गेल्यावर मोठा भाऊ सर्वेश मुंबईला शिकायला म्हणून गेला, तो तिकडचाच झाला. आता तोंडवलीच्या त्या घरात माणसे उरली होती दोनच. "आये, तू खोटा बोलतंस" असे म्हटले असते, तर ती माउली देवासमोर आणि मुलीसमोर कुठे तोंड लपवणार होती?

काजूची बी विकून आख्खा गाव बीवरची रसाळ बोंडे मातीत कुजू देतो, हे रसिकाला लहानपणापासून खुपत आले होते. त्या बोंडांच्या रसाचा कारखाना इथेच, आपल्या गावात काढायचा, हे तिचे स्वप्न! गेल्या हंगामात तिने घरीच रस काढून बाटल्या भरल्या, तर तो असा फसफसला की बुचे थेट कौलांवर जाऊन आदळली आणि शेजारच्या किशोरीकाकीने भुताटकी समजून अंगारा आणला! त्या दिवसापासून तिला कळून चुकले होते, की नुसती हौस पुरत नाही, रस टिकवायचे शास्त्र शिकायला हवे. आणि ते पुण्याच्या कॉलेजात होते.

तिने प्रवेशाचा अर्ज भरला. पहिल्या पसंतीला कणकवलीकडचे कॉलेज, मेकॅनिकल शाखा. पहिली पसंती लागली की पुढच्या फेऱ्यांचे दार बंद, हे तिला पक्के ठाऊक होते. तरीही तिने बटण दाबले. जागा लागली. आईने वाडीपुरती साखर वाटली. रसिका रोज पहाटे एसटी पकडू लागली, यंत्रांच्या आकृत्या काढू लागली, आणि घरी आल्यावर हसतमुखाने जेवू लागली. पण त्या हसण्याआड तिचा जीव कसा घुसमटत होता, ते कोण जाणणार होते?

दीड महिन्याने, एका रविवारी, लवू गुरव अंगणात उभा राहिला. "काय गो सत्यवती, तुझा चेडू, रसिका, अजून हयसरच? पुण्याक कधी जातला? देवान उजवो कौल दिल्लो मगे!"

सत्यवतीच्या हातातले सूप निसटले. तांदूळ अंगणभर पसरले.

रसिका शांतपणे पुढे झाली. "लवूकाका, देवान दिल्यान, पण माझेच मार्क कमी पडले. आयेचो काय दोष नाय."

गुरव हळहळत निघून गेला. सत्यवती मात्र मुलीकडे पाहतच राहिली. रसिकाच्या चेहऱ्यावर आश्चर्याचा लवलेशही नव्हता!

"तुका... तुका ठावक होता?"

"त्याच दिवसापासून. मी देवळात होतंय, आये."

"आणि तरी गप ऱ्हवलंस? माझ्यासाठी?" सत्यवतीने विचारले. इतके दिवस धरून ठेवलेला रसिकाचा बांध फुटला. "खोटा कित्याक बोललंस गो? नको जाव म्हणालं असतंस, तर मी ऱ्हवलंय असतंय! देवाक कित्याक मधी घातलंस?"

"सर्वेशाच्या येळाकय उजवोच कौल इल्लो गो!" सत्यवतीने हंबरडा फोडला. "देवान त्याका जावक सांगल्यान... परत येवक सांगूक नाय!"

रसिकाचा सारा राग त्या एका वाक्याने विरघळून गेला. तिने आईचे डोके छातीशी धरले. "मगे ता देवाक इचारू नको, आये. माका इचार."

हुंदके आवरत सत्यवतीने विचारले, "परत येतलंस मा गो?"

"येतलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने दोघी कणकवलीला गेल्या. प्रवेश रद्द केला तर मुलीचे वर्ष वाया जाईल, पुण्याचा प्रवेश आता पुढच्या वर्षीच, असे कचेरीतल्या बाईंनी दोनदा समजावले. "एक वर्ष मी खाल्लं तिचं," सत्यवती म्हणाली, "उरलेली नाही खाणार." आणि प्रवेश रद्द करायच्या अर्जावर, पालकाच्या सहीच्या जागी तिने, एकेक अक्षर सावकाश लावत, आपले नाव लिहिले.