विमानतळावर पायी यायला बंदी!

“नाही म्हणजे नाही! सुषमाताई विमानात बसणारच!” मुक्ताने रेल्वे क्वार्टरच्या ओट्यावर अशी मूठ आपटली, की चिवड्याची ताटली उडाली.

“अगं, चिवडा!” धाकटी श्रुतिका किंचाळली.

“चिवडा गेला खड्ड्यात!”

“खड्ड्यात नाही, माझ्या फ्रॉकवर गेलाय!”

एरवी सगळे पोट धरून हसले असते. पण समोर हिरी बसली होती आणि तिचे डोळे रडून लाल झाले होते. हिरी मुक्ताच्या वर्गातली. तिचं गाव तलासरीकडचं झरी. शाळा असली की ती डहाणूच्या वसतिगृहात राहायची आणि सुट्टीत घरी भाताच्या कापणीला जायची. आज ऐन दिवाळीच्या सुट्टीत ती एसटीने एकटी आली होती, म्हणजे काहीतरी मोठंच बिनसलं होतं.

तिची मोठी बहीण सुषमा राज्याच्या खो-खो संघात निवडली गेली होती! सामने होते थेट गुवाहाटीला. विमानाचं तिकीट संघटनेनं काढलं होतं, पण मुंबईच्या विमानतळापर्यंत ज्याचं त्यानं पोचायचं होतं. सगळं अडलं होतं ते तिथेच.

“गाडीवाला सुनिलशेठ म्हणतो, विमानतळाच्या फाटकातून पायी माणसाला आत सोडत नाहीत,” हिरी म्हणाली. “गाडीतूनच जावं लागतं. आणि त्याच्या गाडीचं भाडं म्हणजे आमचा दोन महिन्यांचा बाजार! बाबा म्हणाले, नाय जमायचं. आज संध्याकाळी ते तलासरी नाक्यावर ताईला खो-खो शिकवणाऱ्या प्रविण सरांना तसं सांगणार. मग सर फोन करून ताईचं नाव काढायला लावणार. तिच्या जागी दुसरी मुलगी जाईल.”

“पायी सोडत नाहीत? हे कुणी पाहिलंय?” शेजारच्या दर्शनने विचारलं. दर्शनला कुठलीही गोष्ट पुराव्याशिवाय पटत नसे. त्याची आई शिक्षिका होती, तरी तिचंही त्याला पटत नसे.

“प्रविण सर म्हणाले, सुनिलशेठ म्हणतो म्हणजे असेल.”

मुक्ताचे बाबा, श्यामकांत, डहाणू रोड स्टेशनच्या तिकीट खिडकीवर होते. ते नुकतेच जेवायला आले होते. मुक्ताने त्यांनाच पकडलं. “बाबा, खरं आहे का हो हे?”

“असेल बुवा. मी कुठे कधी विमानतळावर गेलोय? इथून सगळे सुनिलच्याच गाडीनं जातात.”

“पण का?”

“का म्हणजे? जातात! आणि मोठ्यांच्या व्यवहारात तुम्ही नाक खुपसू नका.”

झालं! मोठ्या माणसांचं हे असंच असतं. एकानं सांगितलं म्हणून दुसरा मान डोलावतो, दुसऱ्यानं डोलावली म्हणून तिसरा. विचारायचे कष्ट कुणी घेत नाही आणि विचारणाऱ्या पोरांना मात्र गप्प बसवतात. मुक्ताच्या डोक्यात तिडीक गेली. बाबा जेवायला बसताच तिने चपला पायात सरकवल्या.

दर्शनने आईच्या फोनवर नकाशा उघडला. “हे बघा! इथून लोकलनं अंधेरी. अंधेरीहून मेट्रोनं मरोळ नाका. तिथे मेट्रो बदलली की पुढचंच स्टेशन विमानतळ!”

त्यांनी लगेच प्रविण सरांना फोन लावला. सर हसले. “अरे, नकाशात काय, काहीही दाखवतात! फाटकावरचा पोलीस तुमचा नकाशा बघणार आहे का? त्या मार्गानं गेलेला एक तरी माणूस दाखवा, मग बोला!” आणि फोन बंद.

“दाखवूच!” मुक्ता म्हणाली.

“पण असा माणूस मिळणार कुठे?” हिरीने विचारलं.

श्रुतिका चिवडा झटकत म्हणाली, “विमानातून आलेल्या बॅगेला लांब पांढरी पट्टी चिकटवलेली असते. आत्याच्या बॅगेला होती. फलाटावर उभं राहू आणि पट्टी शोधू!”

“श्रुते, तुला डोकं आहे!”

“आहेच! तुम्हाला आज कळलं?”

सगळी वरात फलाटावर गेली. मुंबईकडून एक गाडी आली. पोती उतरली, दुधाचे कॅन उतरले, माशांच्या पाट्या चढल्या, पण पट्टी काही दिसली नाही. दुसऱ्या गाडीतून नुसते कॉलेजवाले उतरले. हिरी नखं खायला लागली. तिसरी गाडी आली, रिकामी होत गेली आणि शेवटच्या डब्यातून एक ठेंगण्या आजी उतरल्या. हातात चाकांची निळी बॅग होती. आणि बॅगेच्या मुठीला लांब पांढरी पट्टी!

चौघंही धावत सुटली. “आजी! आजी! तुम्ही विमानानं आलात?”

“आले तर! लेकीकडे इंदूरला गेले होते.”

“आणि विमानतळावरून इथे?”

“मेट्रोनं आणि लोकलनं. का रे दीकरा?” आजींचं माहेर उंबरगावचं, त्यामुळे मधूनच गुजराती शब्द यायचा.

“पायी फाटकातून सोडलं तुम्हाला?”

“न सोडायला मी काय चोर आहे? शेकडो माणसं ये-जा करतात मेट्रोतून!” आजी इकडेतिकडे बघू लागल्या. “माझा सुनिल आला नाही का घ्यायला? म्हणाला होता, ‘आई, गाडी भाड्यावर गेलीय, तू मेट्रोनं ये, एकदम सोपं आहे.’”

“कोण सुनिल?” मुक्ताचा आवाज चिरकला.

“अरे, गाडीवाला सुनिल! मी त्याची आई, अहिल्या.”

चौघांनी तोंडात बोटं घातली! अख्ख्या तालुक्याला ‘दुसरा रस्ताच नाही’ म्हणून सांगणाऱ्या सुनिलशेठनं सख्ख्या आईला त्याच रस्त्यानं बोलावलं होतं!

हिरीने रडत रडत सगळं सांगितलं. ऐकता ऐकता अहिल्याआजींचा चेहरा तांबडालाल झाला. “माझा सुनिल असं सांगतो? चला, कुठे आहे तो?”

“तलासरी नाक्यावर. बाबा आणि सर त्याला तिथेच भेटणार आहेत. पण फोनच करा ना आजी!”

“फोनवर मला तो बरोबर गुंडाळतो. मी समोर जाते!”

प्रविण सरांचा फोन आता सारखा व्यग्र लागत होता. एसटी नुकतीच गेली होती. स्टेशनबाहेर सुक्याची शेअर जीप तेवढी उभी होती. सुक्या टपावर पाय पसरून आडवा झाला होता.

“सुक्यादादा, लवकर! तलासरी!”

“भरल्याशिवाय गाडी हलत नाय. सहा माणसं कमी आहेत.”

“मग आम्ही भरतो!” मुक्ता जीपच्या पायरीवर चढली आणि गळा ताणून ओरडली, “चला तलासरीऽऽ! झरीऽऽ! आत्ता सुटणार, लगेच सुटणार!”

दर्शनने एका नवरा-बायकोची पिशवीच उचलून आत ठेवली. हिरीला झरीकडच्या दोन ओळखीच्या बाया सापडल्या. श्रुतिकाने एका म्हाताऱ्या काकांना हाताला धरून आत बसवलं.

“काका, तलासरी ना?”

“नाय गं, गंजाड!”

“अहो, मग इकडे कशाला आलात? उतरा!”

“तूच तर ओढून आणलंस!”

अखेर अहिल्याआजी स्वतः कंबरेला पदर खोचून ओरडल्या, तेव्हा चहा पीत बसलेले दोन गवंडी अर्धा चहा टाकून आले. जीप भरली! सुक्याने कानाला हात लावला. “आयला, तुम्ही रोज येत जा!”

वाटेत हिरी सारखी पुढचा रस्ता बघत होती. ताईनं उन्हातान्हात, अनवाणी, कापलेल्या शेतात सराव केला होता, आणि एका थापेपायी सगळं जाणार होतं! तिला दुःखापेक्षा रागच जास्त येत होता. “नाव काढलं असेल तर?” ती शेवटी पुटपुटली. “तर परत घालायला लावू!” मुक्ता म्हणाली.

तलासरी नाक्यावर चहाच्या टपरीपाशी सगळे होते. गॉगल लावलेला सुनिलशेठ, फोन कानाला लावलेले प्रविण सर, मान खाली घातलेले हिरीचे बाबा सुदाम आणि त्यांच्यामागे सुषमा.

“आजी, तुम्ही जरा आतच बसा,” मुक्ता कुजबुजली. आजींनी डोळे मिचकावले.

“सर, थांबा! फोन ठेवा!” हिरी धावली.

सरांनी दचकून फोन खाली घेतला. “लागतच नव्हता अजून. काय झालं?”

मुक्ता सुनिलशेठसमोर उभी राहिली. “काका, एकच विचारायचंय. विमानतळावर पायी माणसाला सोडतच नाहीत ना?”

“नाहीच मुळी! दहा वर्षं फेऱ्या मारतोय मी!” सुनिलशेठने टपरीभर ऐकू जाईल असं सांगितलं.

“आणि तिथून मेट्रोनं, लोकलनं बॅग घेऊन कुणी डहाणूला येत नाही?”

“कोण येणार? वेडी का खुळी माणसं?”

“मग मी वेडी की खुळी, तेवढं सांग रे!”

अहिल्याआजी निळी बॅग खडखडवत जीपमधून उतरल्या. सुनिलशेठचा गॉगल नाकावरून घसरला. आणि टपरीवर जो काही हशा उसळला! सुक्या तर स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसत होता.

“आई, तू इथे... अगं, धंदा आहे...”

“धंदा कर की! दारापासून दारापर्यंत नेतोस, त्याचे पैसे घे. ज्याला परवडेल तो देईल. पण रस्ताच नाही असं सांगतोस? त्या पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे! लाज नाही वाटली?”

सुनिलशेठने मान खाली घालून गॉगल खिशात घातला. प्रविण सरही ओशाळले. “चूक माझी आहे,” ते म्हणाले. “मी शिक्षक असून साधी चौकशी केली नाही.”

“आम्ही केली ना, तेव्हा तुम्ही हसलात!” दर्शन बोलून गेला. सरांनी निमूटपणे मान डोलावली.

सुदामकाका लेकीकडे वळले. “मुंबई मी बघितली नाय पोरी. एवढ्या गर्दीत तू हरवलीस तर?”

सुषमा पहिल्यांदाच पुढे आली. “हरवले तर विचारेन, बाबा. मला तोंड आहे. पण मी जाणार! कुणी नाही म्हटलं तरी जाणार!”

सुदामकाकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग सरांना म्हणाले, “सर, नाव काढू नका. माझी पोर जाणार.”

हिरीने अशी काही आरोळी ठोकली, की नाक्यावरची कुत्री भुंकायला लागली! अहिल्याआजींनी चौघांना जवळ ओढलं. “शाब्बास, वाघांनो! तुम्ही विचारलंत म्हणून कळलं, नाहीतर माझ्याच घरातली ही थाप मला कधी कळली नसती.” मग त्यांनी सुषमाला टपरीच्या बाकावर बसवून कुठे उतरायचं, कुठे बदलायचं, कुठल्या पाट्या वाचायच्या, सगळं दोनदा समजावलं.

जायच्या दिवशी पहाटे डहाणू रोडला गाडी लागलेलीच होती. लोकल इथूनच सुटते, त्यामुळे सुषमाला खिडकीची जागा मिळाली. तिकीट श्यामकांतांनी दिलं आणि तिकीट खिडकीतून हात बाहेर काढून मुक्ताची पाठ थोपटली. “पोरांनो, इतकी वर्षं अंधेरीची तिकिटं फाडली, पण पुढची वाट मी कधी विचारलीच नाही. तुम्ही विचारलीत!”

सोबतीला प्रविण सर येणार होते. ते गाडीत चढले, तेवढ्यात सुषमा दारात आली. “सर, मी एकटी जाते.”

“अगं, पण...”

“मैदानात तुम्ही माझ्यासाठी धावता का?”

सर हसले आणि खाली उतरले. भोंगा वाजला. सुदामकाका सुटलेल्या गाडीबरोबर फलाटाच्या टोकापर्यंत भराभर चालत गेले आणि मोठ्यानं ओरडले, “कुणाला घाबरू नको गं पोरी!”

डब्यातून उत्तर आलं, “नाय घाबरत!”