शेवटची ताटली

धर्मेंद्र त्या दिवशी गोंदियाला गेला तो फक्त एका वायरीसाठी. बेस गिटारपासून अ‍ॅम्पपर्यंत जाणारी त्याची वायर महिनाभर कुरकुरत होती. नवी घेतली, चौकात चहा प्याला आणि बाराच्या सुमारास दवनीवाड्याला परत आला. गावात चिटपाखरू नव्हतं. धान कापणीला आलं होतं आणि जो तो बांधीत, आपापल्या धानाच्या शेतात होता. याची जमीन ठेक्यानं दिलेली, त्यामुळे भर दुपारी घरी बसणारा असा हा एकटाच.

बेस गिटार हे काही एकट्यानं वाजवायचं वाद्य नव्हे. चार जाड तारा आणि त्यांचा तो घुमारा ऐकायला कोणी उठून येत नाही. गाण्याच्या खाली तो असला की गाणं पायावर उभं राहतं, एवढंच त्याचं काम. धर्मेंद्रनं ऑर्केस्ट्रात पंचवीस वर्षं तेच केलं. कोहमाऱ्याकडची लग्नं झाली, गावोगावचे शारदा उत्सव झाले. मग कीबोर्डवाल्याचा डावा हातच बेस वाजवू लागला आणि याचं बोलावणं बंद झालं. दोन वर्षांपूर्वी बायको गेली, रेणू. मुलगी आचल नागपूरला नोकरीला. तेव्हापासून घरात हा आणि त्याच्या चार तारा. एकटेपण त्याला खायला उठायचं, पण तो कोणाजवळ बोलायचा नाही.

नवी वायर जोडून तो बसला. उजव्या हाताची दोन बोटं आळीपाळीनं तारेवर, अंगठा सगळ्यात जाड तारेवर टेकवलेला. न वाजवलेली तार उगीच घुमू नये म्हणून तो टेकवायचा असतो. त्याचे उस्ताद केशोराव पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "वाजवाले कोनालेबी येते. तार चूप ठेवाले शिक."

तार तो चूप ठेवायला शिकला, घरातली भांडी मात्र कधी चूप बसली नाहीत. जाड तारेच्या तिसऱ्या पडद्यावरचा सूर लागला की भिंतीपलीकडे, स्वयंपाकघरातल्या मांडणीवर उभी लावलेली स्टीलची ताटं आणि टोकाची लहान ताटली खणखणू लागत. रेणू वैतागायची. "हळू वाजवा जी, ताटं नाचून राहिले," असं म्हणत ताटांच्या रांगेवर आपला अर्ध्या करंगळीचा पंजा दाबून ती गाणं संपेस्तोवर उभी राहायची. नव्या नवरीपणी धान कापताना विळ्यानं तिची करंगळी अर्धी नेली होती. धर्मेंद्र मुद्दाम तोच सूर पुन्हा पुन्हा लावायचा.

आज त्यानं तो सूर लावला आणि ताटं वाजली नाहीत.

पुन्हा लावला. सूर कसा स्वच्छ, गोल, शेवटपर्यंत तस्साच. वायरीचा गुण असेल म्हणून त्यानं आवाज वाढवला. खिडकीची काच थरथरली, दाराची कडी थरथरली, ताटं गप्प. उठून स्वयंपाकघरात गेला. ताटं जागच्या जागी होती. एकाला टिचकी मारली, ते खणकन वाजलं. तिथं तळ्यातल्या गाळासारखा ओला वास येत होता. मोरी तुंबली असेल, त्याला वाटलं. परत येऊन त्यानं सूर लावला. गप्प.

अंगावर काटा आला खरा. पण लगेच त्याच्या मनात आलं, पलीकडे कोणीतरी हात ठेवून उभं आहे. आणि दोन वर्षांत पहिल्यांदा त्याला बरं वाटलं.

मग रोजचंच झालं. दुपारी गाव बांधीत गेलं की हा भिंतीकडे तोंड करून वाजवायचा. "ठेव हात," असं हळूच म्हणायचा. ओला वास आता सवयीचा झाला होता. आचल नागपूरला या, या म्हणून मागे लागली होती. हा आज नाही उद्या करत राहिला. पंधराव्या दिवशी मात्र त्यानं फोनवर तिला सांगून टाकलं, "मी कायले येऊ? तुही माय आहे ना इथं."

त्यानं फोन स्पीकरवर टाकून खाटेवर ठेवला आणि वाजवलं. तिकडून हुंदका ऐकू आला.

"बाबा... पुन्हा वाजवा."

त्यानं वाजवलं.

"ते शेवटची लहान ताटली... वाजून नाही राहिली."

"कोनतीच नाही वाजत. तेच तर सांगून राहिलो."

"पन मायचा हात तिथवर पुरतच नव्हता," आचलचा आवाज अगदी खाली आला. "करंगळी अर्धी होती ना... ते ताटली वाजतच राहे. मी तेच ऐकत झोपो, बाबा."

धर्मेंद्रची बोटं तारांवर थिजली. पंचवीस वर्षांचा कान, आणि तो सूर स्वच्छ लागला म्हणून खूश होऊन बसला होता. पलीकडच्या पंजाला पाचही बोटं पुरी होती.

"तुमी आताच्या आता निघा..." आचल म्हणाली.

भीतीनं त्याचा अंगठा सुटला आणि मोकळी जाड तार घुमू लागली. घुमता घुमता मध्येच ठप्प झाली. त्याचे दोन्ही हात तारांपासून दूर होते. गाळाचा वास आता या खोलीत होता.

फोन खिशात टाकून, अ‍ॅम्पची पिन उपटून, गिटार पिशवीत कोंबून तो अनवाणीच बाहेर आला. कुलूप लावून किल्ली फिरवली. उन्हं अजून अंगणात होती. आता गोंदिया, तिथून संध्याकाळची नागपूरची गाडी. तेवढ्यात आतून आवाज आला.

किण... किण...

बाकी सगळी ताटं गप्प, एकटी लहान ताटली वाजत होती. रेणू गेल्यापासून ती अशी एकटी वाजली नव्हती. गिटार तर त्याच्या पाठीवर होती.

आचलचा पुन्हा फोन आला. निघाले ना, असं विचारत होती. "निघालोच," तो म्हणाला. मघाशी फोन स्पीकरवर होता, हे त्याला तेव्हा आठवलं. आचल जे बोलली ते घरात जे कोणी होतं त्यानंही ऐकलं होतं.

"रेणू?" त्यानं दाराला तोंड लावून विचारलं.

ताटली थांबली. थोड्या वेळानं पुन्हा वाजू लागली, हळू, तिच्यासारखीच.

फोनमध्ये आचल काहीतरी बोलत होती. त्यानं तो कानापासून खाली घेतला. किल्ली अजून कुलपातच होती.