डालग्याखालचा अंधार

“मारलं! हिनं माझं पिल्लू मारलं!”

रियाच्या किंकाळीनं मागीलदार दणाणलं, आणि चुलीवरचं आधण तसंच टाकून गोदू गुडघ्यांना शिव्या देत धावली... पिल्लू मेलं नव्हतं. डोक्यावर टोच बसून रक्ताचा थेंब आला होता, एवढंच. बांबूचं डालगं उलटं पडलेलं, भर दुपारच्या उन्हात खुडूक कोंबडी पिसं फुलवून उभी, आणि तिच्यासमोर अंकिता दुसरं पिल्लू ओंजळीत धरून अपराध्यासारखी बसलेली!

“रियाला बरं वाटावं म्हणून केलं गं,” अंकिता पुटपुटली. “म्हटलं, आई आणि बाळांची भेट घडवू. व्हिडिओ पण लावला होता...”

“कोंबडीला इचारलं व्हतंस का, व्हिडिओ काढू म्हनून?”

एरवी यावर अंकिता हसली असती. पण सहा वर्षांच्या रियानं पाय आपटले आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं ओरडली, “तू माझी आई नाहीस! तुला काहीच येत नाही!”

दगडी गडग्यापलीकडे शेजारच्या सोनाबाईचं कपडे वाळत घालणं तत्काळ थांबलं. विचुंब्यात चारी बाजूंनी टॉवर उभे राहिले, माणसं लिफ्टनं वरखाली करू लागली, पण दुसऱ्याच्या घरातलं भांडण ऐकायला सोनाबाईला अजून लिफ्ट लागत नव्हती! “काय गं गोदू, जावई नाय आला लेकीसोबत?” तिनं लगेच खडा टाकला.

“बंदरावर ड्युटी हाय त्याची. तुजे कपडे वाळले का बघ,” गोदू म्हणाली आणि कोंबडीला अलगद उचलून पुन्हा अंड्यांवर बसवू लागली. अंडी वांझच होती, उन्हानं गेलेली... पण हा वेडा जीव दाणापाणी सोडून त्यांनाच ऊब देत बसला होता! म्हणून तर गोदूनं पनवेलच्या बाजारातून कालच जन्मलेली पिल्लं आणली होती.

तिनं डालग्यावर गोणपाट टाकलं. तू माझी आई नाहीस... हे शब्द तिच्या ओळखीचे होते! याच घरात, याच वयाच्या अंकितानं ते तिला ऐकवले होते. गोदू दुसरेपणावर दिलेली. मांडवात शेकडो डोळ्यांदेखत आत्याबाईंनी ती बिनआईची पोर नव्या नवरीच्या मांडीवर बसवली होती. ‘म्हण आई! म्हण बघू!’ फोटोवाला सरसावला, बायका पदर डोळ्यांना लावून तयार राहिल्या... आणि पोर गोदूच्या मनगटाला कडकडून चावली! पुढे त्याच अंकितानं बिजवर दीपेशशी लग्न केलं, तेव्हा पळस्प्याच्या हॉलमध्ये रियालाही बायकांनी तशीच उचलून तिच्या मांडीवर बसवली. गोदू कोपऱ्यात उभी होती. तिला ओरडावंसं वाटलं होतं... पण सावत्र आईच्या तोंडी शहाणपण शोभत नाही, म्हणून तिनं ओठ मिटून घेतले होते. ते मिटलेले ओठ आज काळजात काट्यासारखे सलत होते!

जेवताना अंकिता ताटावरून नजर न उचलता म्हणाली, “उद्या तिला पुण्याला सोडते. तिच्या आईच्या आईकडे, कायमचीच. दीपेशला तसं सांगणार आहे.”

“आन तू?”

“मी थकले गं गोदू... टिफिन देते, केस विंचरते, ताप आला की जागते, आणि ती माझ्याकडे बघते ती कामवाली बघावी तशी. किती सोसायचं माणसानं?”

गोदूही थकली होती, फार थकली होती. तिनं नुसती आमटी वाढली.

तिन्हीसांजा झाल्या. महामार्गावरच्या कंटेनरांची घरघर अंगणापर्यंत येत होती. रियाला जवळ घेऊन गोदू डालग्यापाशी बसली. गोणपाटाची कड उचलून तिनं अंधारात हात सरकवला, एक अंडं काढलं, आणि तळव्यात गरम केलेलं पिल्लू त्या जागी सारलं. कोंबडी नुसती हलली... आणि कुर्र केलं!

“आता नाही टोचत?” रियानं श्वास रोखून विचारलं.

“काळोखात तिला दिसत नाय गं, कोन आपलं नि कोन परकं. पोटाखाली ऊब लागते, तेवडंच कळतं. पिल्लालाबी तेवडंच कळतं. रातभर आपन डोकवायचं नाय, बस.”

“गोदू आजी, तुला का नाही झाली पिल्लं?”

पोर ती! जे विचारायला सोनाबाईसुद्धा गडगा मध्ये ठेवत असे, ते तिनं थेट विचारलं. गोदूनं दुसरं पिल्लू तळव्यात घेतलं.

“व्हतं की एक घरात. रागीट व्हतं, चावायचं! तिला वाटायचं, ही आपला बाबा घेऊन जानार. त्यात मला आनखी झालं असतं, तर ती पोर पार एकटी पडली असती... म्हनून आमीच नको म्हटलं. तिच्या बाबाचं नि माजं ठरलं तसं.”

मागे भांडं पडलं. दारात अंकिता उभी होती, चेहरा पांढराफटक!

“गोदू... गाव तुला वांझ म्हणायचं! बारशाला तुझी ओटी भरायचे नाहीत! आणि तू... माझ्यासाठी? एकदाही बोलली नाहीस?”

“बोलून काय झालं असतं? तुज्या डोक्यावर वझं.”

“मी तुला एकदाही आई म्हटलं नाही गं!” अंकिता उंबऱ्यावर कोसळून हुंदके देऊ लागली.

“हळू! कोंबडी उठंल!” गोदू दटावून म्हणाली, पण तिच्याच डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, आणि पिल्लू धरलेल्या हातांना त्या पुसता येईनात... रिया कधी एकीकडे, कधी दुसरीकडे बघत राहिली.

त्या रात्री आळीतली वीज गेली. ओळीनं अंथरलेल्या गोधड्यांवर कोण कुठे सरकलं, हे बघायला उजेड नव्हता.

सकाळी गोदूनं गोणपाट काढलं. कोंबडीच्या पंखांतून इवलीशी डोकी बाहेर आली होती. कालचं टोचलेलं पिल्लू तर गळ्याशीच बिलगलं होतं! रियाला हाक मारायला ती आत वळली आणि दारातच थबकली. रिया अंकिताच्या कुशीत गाढ झोपली होती, पदराचं टोक मुठीत आवळून. अंकिता न हलता, दबक्या आवाजात फोनवर बोलत होती.

“नाही दीपेश, पुणं राहू दे... चार दिवस इथेच राहतो आम्ही दोघी. कुठे म्हणजे? माझ्या आईकडे!”

गोदूला वाटलं, आत धावावं, लेकीला उराशी कवटाळावं, तो शब्द पुन्हा म्हणवून घ्यावा... पण नाही. दार उजेडानं भरलं होतं. तिनं पाऊल मागे घेतलं, आणि काहीच ऐकलं नाही अशा चेहऱ्यानं पिल्लांसाठी कण्या भिजवायला बसली.

“काय गं, सकाळी सकाळी रडतेस?” गडग्यावरून सोनाबाई म्हणाली.

“चुलीचा धूर गं,” गोदू म्हणाली. चूल अजून पेटायची होती.